बाळंतिणीजवळ कोण असतं?

कुठल्याही देशातल्या बाळंतपणाची गोष्ट कोणी सांगायला लागलं की मी हल्ली आधी एवढंच विचारते, कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्याजवळ कोण होतं आणि बाळ घेऊन घरी आल्यावर तिच्याकडे कोण आलं. नॉर्मल की सीझर, वजन किती, टाके किती, हे सगळं नंतर. गेल्या काही वर्षांत आमच्या घरात आणि ओळखीत बरीच बाळंतपणं झाली, त्यातली कितीतरी परदेशात (गोव्यातल्या कुठल्याही घरात हेच असणार, कोण दुबईला, कोण लिस्बनला, कोण इंग्लंडमध्ये स्विंडनला), आणि एकेकीचं ऐकता ऐकता माझं जे मत पक्कं झालं ते जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात नणंदेपासून करते. ती नेदरलँड्समध्ये युट्रेख्तला असते. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सासूबाईंनी डिचोलीहून फोनवर पहिलं विचारलं, "डॉक्टर कोण गो तुझी?" तर डॉक्टर नाहीच. तिथे सगळं सुरळीत असेल तर गरोदर बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत सुईणीकडेच जाते, सुईण म्हणजे चार वर्षं फक्त त्याचंच कॉलेज केलेली, स्वतःची प्रॅक्टिस असलेली बाई. काही गुंतागुंत दिसली, बीपी वाढलं, बाळ आडवं असलं, तरच हॉस्पिटलातल्या डॉक्टरकडे पाठवतात. आणि पुढे तिला चक्क विचारण्यात आलं की बाळंत घरी होणार की हॉस्पिटलात! सासूबाई हे ऐकून फोन हातात धरून तशाच बसल्या. त्यांच्या आईची दोन बाळं घरातल्याच बाळंतपणात गेलेली, घरी बाळंत होणं म्हणजे त्यांच्या लेखी जिवाशी खेळ, आणि पैसेवाल्या, शिकलेल्या देशात असं कोण का विचारेल हेच त्यांना कळेना.

मी तेव्हा जरा वाचलं याच्यावर. 1965 च्या सुमाराला नेदरलँड्समधली दोन तृतीयांश बाळं घरी जन्मायची, आता साधारण सातातलं एक. श्रीमंत देशांत एवढं प्रमाण दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण ते घर म्हणजे आपल्या आजीचं माजघर नाही हे समजून घ्यायला हवं. ज्यांना काही धोका नाही अशाच बायकांना तो पर्याय देतात, सुईण ऑक्सिजन आणि रक्तस्राव थांबवायची औषधं बरोबर घेऊन येते, हॉस्पिटल जवळ असतं, ॲम्ब्युलन्स वेळेत येते, आणि घरी सुरू झालेलं बाळंतपण मध्येच हॉस्पिटलात न्यावं लागलं तर त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. यातलं एक जरी नसलं तरी सगळं कोसळलं. म्हणून कोणी इन्स्टाग्रामवर बघून इथे घरी बाळंत व्हायचं म्हणत असेल तर मी हात जोडून सांगेन की आधी ही सगळी यंत्रणा तुमच्या दारात उभी आहे का ते बघा.

नणंदेने हॉस्पिटलच निवडलं. सुईण तिथेही बरोबर, नवरा बरोबर, आणि बाळ झाल्यावर काही तासांत तिघं घरी! आपल्याकडे नॉर्मल असली तरी दोन-तीन दिवस ठेवतात, तिथे रात्री झालं आणि सकाळी घरी. हे ऐकून मला आधी रागच आला होता, पण पुढचं ऐकलं आणि माझं या सगळ्या विषयाकडे बघणंच बदललं.

तिथे बाळंतिणीच्या घरी एक बाई येते, तिला क्रामफरझोर्खस्टर म्हणतात. ट्रेनिंग घेतलेली असते, इन्शुरन्समधून येते, तासामागे थोडेसेच पैसे आपण भरायचे. पहिले आठवडाभर रोज येते, साधारणपणे आठ दिवसांत मिळून 49 तास, आणि अगदी कमीत कमी म्हटले तरी 24 तास. येऊन काय करते? बाळाचं टेंपरेचर, वजन, कावीळ बघते, आईचे टाके बघते, रक्तस्राव किती होतोय ते बघते, अंगावर पाजायला शिकवते, बाळाला आंघोळ कशी घालायची ते बापाला शिकवते, आईला खायला करून देते, बाथरूम साफ करते, मोठं मूल असेल तर त्याला बघते, आलेल्या पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावते. काही बिघडतंय असं वाटलं तर लगेच सुईणीला फोन. बाळंतिणीचा पलंगसुद्धा ठोकळ्यांवर चढवून उंच करायला लावतात, का तर तपासताना या बाईची कंबर मोडू नये म्हणून! सेवा करणाऱ्या बाईच्या कमरेचाही विचार केलाय, हे मला केवढं मोठं वाटलं काय सांगू.

सासूबाई पोचल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत अळीव, डिंक, बाळंतशेपा, वेखंड, सगळं. आणि त्यांना वाटलेलं की ही गोरी बाई हे सगळं बघून नाक मुरडणार. पण तिकडे बाळ झालं की आल्यागेल्याला रस्कवर लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या जातीच्या दाण्यांच्या गोड गोळ्या भुरभुरवून देतात, मुलगी झाली तर गुलाबी-पांढऱ्या आणि मुलगा झाला तर निळ्या-पांढऱ्या, आणि त्या दाण्यांनी आईला दूध येतं असं त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या पूर्वापार सांगत आल्यात. सासूबाईंनी बाळंतशेपेची डबी उघडून तिच्या नाकासमोर धरली, तिने वास घेतला, आणि त्यानंतर भाषेचं काही अडलं नाही म्हणतात. बाळाच्या पाळण्यात ऊब राहायला तिने गरम पाण्याची धातूची बाटली कापडात गुंडाळून ठेवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ही तर आपली शेगडीच, फक्त धूर नाही. (धूर नाही हे फार चांगलं. बंद खोलीत शेगडी आणि धुरी हे तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना वाईटच, आपणही सोडायला हवं.)

आता यात आपल्याकडे नसलेलं असं काय होतं? खरं म्हणजे काहीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खोलीबाहेर यायचं नाही, रोज तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायला बाई, हातात आयतं ताट, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं आणि गोव्यात हिंदू काय ख्रिश्चन काय दोघांच्याही घरात होतं. आणि आपल्याकडेच होतं असंही नाही. जपानमध्ये बायका सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जातात आणि बाळ महिन्याचं होईपर्यंत तिथेच राहतात, आजही, टोकियोत नोकरी करणाऱ्यासुद्धा. चीनमध्ये महिनाभर बसवतात, गार पाणी नाही, वारा नाही, डोकं धुवायचं नाही. मेक्सिकोत आणि आसपासच्या देशांत 40 दिवस. कोरियात बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप देतात आणि मग जन्मभर दर वाढदिवसाला तेच सूप करतात, आईने आपल्यासाठी सोसलं त्याची आठवण म्हणून. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी महिना ते चाळीस दिवस हाच हिशेब धरला याचं मला पूर्वी नवल वाटायचं, आता वाटत नाही, गर्भाशय मूळ जागी यायला साधारण सहा आठवडे लागतात, बायकांनी हे कुठल्या पुस्तकाशिवाय बघून ठेवलं होतं.

माझं माहेर मांद्र्याचं. तिथे आमच्या आईने मागच्या दोन खोल्या एका रशियन जोडप्याला भाड्याने दिलेल्या, सीझनभर राहायचे, एका वर्षी तिचं बाळंतपण गोव्यातच झालं. तिच्याजवळ तिची आई नव्हती. बाळ घरी आलं आणि शेजारच्या बायका बघायला निघाल्या तर तिने दार लावून घेतलं, सगळ्यांना वाटलं काय ही शिष्ट. आई गेली पेज घेऊन. तेव्हा कळलं की त्यांच्याकडे 40 दिवस बाहेरच्या माणसाला बाळ दाखवत नाहीत, दृष्ट लागते. आणि बाळ जन्मायच्या आधी कपडे-पाळणा काही आणून ठेवायचं नाही. आईने हे ऐकून जे ओळखलं ते ओळखलं, कारण आमच्याकडेही तेच, आधी दुपटी शिवायची नाहीत. मग रोज उकड्या तांदळाची पेज आणि नाचण्याचं तिझान तिच्याकडे जायला लागलं. तिने आईला सांगितलं की तिच्या जन्माच्या वेळी तिचे वडील प्रसूतिगृहाच्या खिडकीखाली बर्फात उभे होते, आत नातेवाइकांना सोडतच नसत, आणि तिच्या आईने वरच्या मजल्यावरून काचेतून बाळ दाखवलं. सोव्हिएत काळात तिथे सगळीकडे असंच होतं.

हे ऐकलं तेव्हा मला माझी लेबर रूम आठवली. बर्फ नव्हता एवढंच.

गोव्यात सोयी आहेत, याबद्दल वादच नाही. पणजीला 1842 साली सुरू झालेल्या मेडिकल स्कूलपासून (त्याचंच पुढे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज झालं) इथे दवाखान्याची सवय जुनी, गावं जवळजवळ, रस्ते बरे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातली 99 टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, देशाचा आकडा 88.6. सासूबाईंच्या आईच्या काळाच्या मानाने हे केवढं आहे! देशात 2018-20 मध्येही लाख जन्मांमागे 97 आया बाळंतपणात किंवा त्याच्या आगेमागे जात होत्या, त्यामुळे दवाखान्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी मुळीच नाही.

पण मी ज्या दवाखान्यात होते तिथे लेबर रूममध्ये कोणाला सोडत नसत. नवरा बाहेर फाइल घेऊन बसलेला, आई त्याच्या शेजारी, आणि मी आत एका अरुंद टेबलावर उताणी, हलायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडले की सिस्टर दटावायची. बाजूच्या टेबलावर विजापूरकडची एक मुलगी होती, नवरा बांधकामावर, तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं आणि मला कानडी येत नाही. दोन टेबलांमधून हात लांब करून आम्ही एकमेकींचा हात धरला होता. माझ्या त्या रात्री माझ्याजवळ जे माणूस होतं ते ती.

लेबर रूममध्ये आपलं माणूस असणं हा लाड नाही. 17 देशांत झालेल्या 26 चाचण्या, 15 हजारांहून जास्त बायका, यांचा एकत्र अभ्यास झालाय आणि त्यात दिसलं की सतत कोणीतरी सोबत असेल तर सीझर कमी होतात, कळांचा वेळ कमी होतो, बायका बाळंतपणाबद्दल वाईट आठवणी घेऊन कमी जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की बाईला हवं ते माणूस तिच्याजवळ असू द्या, हिंडूफिरू द्या, हवं तसं बसू द्या, बाळ यायच्या वाटेला सरसकट छेद देऊ नका. आपल्या केंद्र सरकारनेही सरकारी दवाखान्यांत सोबतीला एक बाई असू द्यावी असं सांगितलंय. तरी किती ठिकाणी होतं? इंग्लंडमध्ये नवरा आत नसेल तर लोक विचारतात की आला का नाही.

आणि सीझर. गोव्यात त्याच पाहणीत जवळजवळ 40 टक्के, देशात 21.5. नेदरलँड्समध्ये पंधरा-सतराच्या आसपास, ब्राझीलमध्ये निम्म्याहून जास्त. बायका त्याच, शरीरं तीच, मग एवढा फरक येतो कुठून? उशिरा होणारी लग्नं, आधीचं सीझर, भीती, सगळं आहे, पण माझ्या मते मोठं कारण हेच की आपल्याकडे आठ-दहा तास शांतपणे बाईजवळ बसून राहणारं कोणी नेमलेलंच नाही. डॉक्टरला ते शक्य नाही, सिस्टरकडे पाच टेबलं. जर्मनीत तर कायदाच आहे की बाळंतपणाला सुईण हजर पाहिजे, डॉक्टर असला तरी. आपण जुन्या वायजिणीला, म्हणजे घरी येऊन बाळंतपण करणाऱ्या दाईला, घरी बसवलं ते बरोबरच केलं, पण तिच्या जागी शिकलेली कोणी आणली नाही. 2018 मध्ये केंद्राने मिडवाइफ तयार करायचं धोरण काढलं, ते जितक्या लवकर आपल्या दवाखान्यांत दिसेल तितकं चांगलं.

स्विंडनची माझी मैत्रीण मडगावची, शाळेपासूनची. तिचं तिथे झालं. मिडवाइफ फार चांगली, तोंडाला लावून ओढायचा गॅस दिला, झाल्यावर चहा आणि टोस्ट दिला (हे तिथे सगळ्यांना देतात आणि सगळ्या त्याची आठवण काढतात), दुसऱ्या दिवशी घरी. मिडवाइफ घरी येऊन गेली, पुढे हेल्थ व्हिजिटर आली, बाळाच्या तब्येतीच्या नोंदी ठेवायचं लाल पुस्तक मिळालं. सगळं मोफत. पण येतात त्या तपासून जातात, राहात नाहीत. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. नवऱ्याची दोन आठवड्यांची रजा संपली आणि तो वेअरहाउसच्या नाइट शिफ्टला गेला. त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते ती आजही नीट सांगत नाही, रडते. मडगावला असती तर तिला घासभर भात गरम करून द्यायला चार बायका होत्या. तिथे उत्तम दवाखाना होता आणि माहेर नव्हतं, मला वाटतं परदेशातल्या आपल्या पोरींची हीच गोष्ट घरोघर आहे.

इथेही माहेर सगळ्यांना नसतं, हे आपण विसरतो. आई गेलेली असते, आई स्वतः नोकरीला असते, आई कारवारला नाहीतर झारखंडला असते. त्या विजापूरच्या मुलीला डिस्चार्ज मिळाला तेव्हा ती साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिला तेल कोणी लावलं, पेज कोणी दिली, ताप आला तर कळलं कोणाला? बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात नाजूक, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बीपी, सगळं त्यातच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिला दिवस दवाखान्यात, मग दोन-तीन दिवसांनी, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या आठवड्यात कोणीतरी आईला आणि बाळाला बघायलाच हवं. बाकीच्या राज्यांत आशाताई घरी जाऊन 42 दिवसांपर्यंत सहा वेळा बाळ बघतात. गोव्यात आशा योजना राबवलीच गेली नाही. आरोग्य केंद्राची सिस्टर आणि अंगणवाडीताई जेवढं करतात तेवढं. छोटं राज्य, चांगले रस्ते, सगळी बाळंतपणं दवाखान्यात नोंदलेली, म्हणजे प्रत्येक बाळंतिणीचा पत्ता सरकारकडे आहे! नेदरलँड्ससारखं आठ दिवस बाई पाठवणं देशात कुठे जमणार असेल तर ते गोव्यात जमेल. हे कोणीतरी विधानसभेत का बोलत नाही?

आपलं सगळंच जुनं चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, हे बंद व्हायलाच हवं, दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं. पहिला चीक टाकून देणं, बाळाला मध चाटवणं, गुटी उगाळणं, नाही. सहा महिने आईचं दूध, बस्स. फिनलंडने हे असं शहाणपण घराघरात कसं पोचवलं ते मला फार आवडतं: 1938 पासून गरीब आयांना आणि 1949 पासून सगळ्यांनाच बाळाच्या कपड्यांची, अंथरुणाची मोठी पेटी सरकार देतं, अट एकच, चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. त्या पेटीतच बाळाला झोपवायचं. पेटीच्या ओढीने बायका दवाखान्यात आल्या.

आणि बाप. नणंदेच्या नवऱ्याला एक आठवडा पूर्ण पगारी आणि त्यावर पाच आठवडे 70 टक्के पगाराने रजा होती. आपल्याकडे आईला 2017 पासून 26 आठवडे झाले, फार चांगलं झालं, पण केंद्र सरकारी नोकराला 15 दिवस मिळतात आणि खाजगीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. तो मग बाळाला उचलायला शिकणार कधी?

आता माझ्या भावजयीची तारीख ऐन चवथीत आलीये. तिची आई नाही, म्हणून बाळंतपण मांद्र्याला आमच्याच घरी, आणि आम्ही आत्तापासून लागलोय. तीन दवाखान्यांत फोन करून विचारलं की लेबर रूममध्ये एक माणूस सोडता का, एकाने हो म्हटलं, तो थोडा लांब पडतो पण तोच ठरवला. भाऊ आत जाणार, त्याला धीर नाही झाला तर मी. न्हाऊ घालायला येणारी मावशी ठरली, तिच्यासाठी उंच पाट करून घेतोय. आरोग्य केंद्राच्या सिस्टरला पत्ता आणि फोन देऊन ठेवलाय, तिने तिसऱ्या दिवशी येते म्हणून कबूल केलंय. चवथीला घर पाहुण्यांनी भरणार, पण पहिले आठ दिवस आतल्या खोलीत कोणी जाणार नाही, हे आईने सगळ्या काक्या-मावश्यांना आधीच सांगून टाकलंय, आणि एक काकी रुसलीये.